वरच्या गल्लीतली पिपाणी

बसा. चहा सांगितलाय, येईल. तोवर एक बोलून टाकतो. आजपर्यंत हे मी कुणाच्या कानावर घातलेलं नाही. बायकोच्या नाही, थोरल्या भावाच्या नाही, आणि ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याच्या तर मुळीच नाही. त्याला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं.

तुम्ही म्हणाल, लाच खाल्ली असंल. नाही हो. बाईची भानगड? ती तर नाहीच, तेवढी हिंमत कुठली आपल्यात! मी एक शब्द बोललो. एकच. तोही कन्नडमधून. चार वर्षं झाली, पण तो शब्द काही केल्या पचत नाही.

पण आधी माझा स्वभाव सांगतो, म्हणजे काय झालं ते नीट कळेल. मी चौकस माणूस. लहानपणी आई गिरणीत दळण घेऊन पाठवायची, तर मी पीठ गरम का निघतंय ते बघत तिथंच उभा. घरी तवा तापून लाल! पाटातलं पाणी वळणाला कोणत्या कडेनं जोरात जातं, बसची मागची काच थरथरते आणि पुढची का नाही — असलं सगळं मला लागायचं. आई म्हणायची, "ह्याला कामूनचं भूत लागलंय. कामून, कामून, कामून! जेव आता." कामून म्हणजे तुमचं 'का'. हे भूत मला आवडायचं, खोटं कशाला बोलू. माझ्यात दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतं, पण हे होतं.

नोकरी लागली ती आमच्या गावच्या पुरसभेत. तुम्ही नगरपालिका म्हणाल. पाणी विभागात कारकून. गावाचं नाव राहू द्या. बीदरहून कमलनगरच्या अंगाला येणाऱ्या बसमध्ये बसलात तर वाटेत कुठंतरी लागतं, एवढं पुरे.

आमच्याकडं नळाला पाणी सहाव्या दिवशी येतं. कधी सातव्या. पाण्याचा आकार, म्हणजे पैसे, मात्र दर महिन्याला, आणि सगळ्यांना सारखा. घरात दोन माणसं असोत नाहीतर बारा, नळ असला की तेवढे भरायचे. वर्षानुवर्षं हेच चालू होतं. मग वरून हुकूम आला — पाण्याचे दर नव्यानं ठरवा, भुयारी गटार झालंय तर त्याचाही आकार ठरवा, आणि कुठल्या भागात किती पाणी वापरत्यात ते बघून ठरवा. जो जास्त वापरतो त्यानं जास्त द्यावं. ऐकायला चांगलंच आहे की!

पण किती वापरत्यात, हे कुणाला ठाऊक? गावात एकाही घराला मीटर नव्हतं. आमच्या ऑफिसात दोन दिवस नुसती चर्चा. कुणी म्हणे पेठेतले व्यापारी जास्त वापरत असतील, कुणी म्हणे अंदाजानं लिहून टाका, कोण बघायलंय. तेव्हा मी इंजिनिअर साहेबांना म्हणालो, "बारा घरांना मीटर लावून बघू. चार खालच्या पेठेत, चार मधल्या आळीत, चार वरच्या गल्लीत. दोन महिने वाचन घेऊ." साहेब माझ्याकडं बघतच राहिले. पाणी विभागातल्या कारकुनाला असं काही सुचतं, हे त्यांना नवीन होतं. मलाही होतं.

आता वरची गल्ली म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. आमचं गाव लाल दगडाच्या चढावर वसलेलं. टाकी खालच्या अंगाला, का ते विचारू नका, बांधणाऱ्यालाच विचारा. तिथून पंपानं पाणी ढकलत्यात. आधी पेठ, मग मधली आळी, आणि पाईप संपते तिथं वरची गल्ली. तिथली बरीचशी घरं पूर्वी मेंढरं राखणाऱ्यांची. आता कुणाची थोडी शेती, कुणी रोजानं जातं, कुणाची जीप. पाणी तिथं सगळ्यात शेवटी पोचतं आणि सगळ्यात आधी जातं.

बारा मीटरं बसली. पाण्याच्या मीटरला काचेखाली एक बारकी तांबडी चक्री असते. पाणी गेलं की ती फिरते आणि आकडे पुढं सरकतात. मी वही घेऊन आठवड्याला एकदा फेरी मारायचो. पण इथं माझी एक चूक झाली, आणि ती आमच्या खात्यातला कुणीही करील. मी जायचो तो कोरडा दिवस बघून. पाण्याच्या दिवशी वरच्या गल्लीत पाऊल टाकायचं म्हणजे शिव्या खायला जायचं. "आला बघा पाणीवाला! कालच्याला तुझ्या घरी आलं असंल पाणी!" — असं म्हणत बाया घागर घेऊन अंगावर यायच्या. म्हणून पाणी येऊन गेल्यावर, शांत असताना जायचो, आकडे उतरवायचो, परत यायचो. मीटर फिरताना मी एकदाही बघितलं नव्हतं. चौकस माणूस मी!

दोन महिन्यांनी तक्ता मांडला आणि माझं डोकंच गरगरलं. सगळ्यात जास्त वापर — वरच्या गल्लीत! पेठेत लोकांच्या दारात बागा, गाड्या धुणं, गच्चीवर टाक्या. त्यांचा वापर कमी. आणि जिथं चार हंडे भरता भरता नळ जातो, तिथं जास्त? कसं काय? ऑफिसात सगळे म्हणाले, मोटरी लावत असतील. मी चारही घरं बघितली, एकाही घरी मोटर नव्हती. तुळजाक्काच्या घराचं वाचन तर सगळ्यांच्या वर होतं. तुळजाक्का म्हणजे गल्लीच्या शेवटच्या घरातली, साठीच्या पुढची बाई. घरात ती, जीप चालवणारा मुलगा आणि सून. कडक भाकरी करून खानावळींना घालते. इंजिनिअर साहेब म्हणाले, "भाकरीच्या पिठात एवढं पाणी ओतते की काय?"

मला झोप येईना. कामून? कामून असं होतंय?

आणि मग मला उत्तर सुचलं. आमच्याकडं साठवलेलं पाणी शिळं मानत्यात. नवं पाणी आलं की जुनं ओतून द्यायचं, रांजण-घागरी घासायच्या आणि पुन्हा भरायच्या. माझी आईही तेच करायची. मी म्हटलं, सापडलं! वरच्या गल्लीत पाण्याचा भरवसा नाही, म्हणून साठवण जास्त. साठवण जास्त, म्हणून शिळं जास्त, आणि शिळं जास्त म्हणून ओतून देणंही जास्त. मी तसं चांगलं दीड पान लिहिलं. शेवटी लिहिलं की या भागात चढता दर लावला तर नासाडीला आळा बसेल. किती सुरेख बसलं होतं! कुणाच्या घरी जाऊन विचारलं का, की बाई, तुम्ही किती पाणी ओतून देता? नाही विचारलं. उत्तर इतकं आवडलं होतं की विचारायची भीती वाटली असंल. आता वाटतं तसं. तेव्हा एवढं सुद्धा वाटलं नाही.

बीदरला बैठक झाली. आमचे इंजिनिअर मला बरोबर घेऊन गेले. वरच्या साहेबांनी ते दीड पान सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, हे कुणी लिहिलंय? मी हात वर केला. शाळेत तो हात कधी वर झाला नव्हता. साहेब म्हणाले, असा विचार करणारी माणसं खात्यात पाहिजेत. बास! परत येताना बसला ही गर्दी, नौबादपासून उभ्यानं आलो, पण पाय दुखले नाहीत. घरी जाताना बायकोला गजरा नेला. ती म्हणाली, "आज काय विशेष?" मी म्हणालो, "काही नाही." आतून मात्र फुगून टुम्म झालो होतो.

मग नवे दर फलकावर लागले. एका हद्दीपर्यंत साधा दर, पुढं चढता. गटाराचा आकार पाण्याच्या आकारावर, म्हणजे नळातून जेवढं आलं तेवढंच गटारात गेलं असं धरून. ही रीतच आहे, सगळीकडं असंच करत्यात. कुणाची हरकत असेल तर महिन्याच्या आत लिहून द्या, सुनावणी होईल. आणि ही मुदत चालू असतानाच मी शेवटचं वाचन घ्यायला वरच्या गल्लीत गेलो. त्या दिवशी पाणी येणार होतं, ते मी विसरलो होतो. नाहीतर गेलोच नसतो. मग आज तुम्हाला सांगायलाही काही उरलं नसतं.

सकाळचे दहा वाजले असतील. गल्लीत सगळीकडं रिकाम्या घागरी दारात मांडलेल्या. तुळजाक्का चुलीपुढं. शेजारी कडक भाकरींची चळत, तिच्या गुडघ्याएवढी. मी मीटरपाशी वाकलो तर नळाच्या तोंडाला काहीतरी बांधलेलं दिसलं. बघतो तर जत्रेतली पिपाणी! पोरं फुंकतात ती. सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यानं नळाला घट्ट आवळलेली.

"अक्का, हे काय?"

"पिपाणी हाय की. खंडोबाच्या जत्रंतून आणली. थांबा थोडं, कळंलच."

मी थांबलो. आणि थोड्या वेळानं ती पिपाणी आपोआप वाजायला लागली! आधी बारीक, मग जोरात — पीऽऽऽ! साऱ्या गल्लीतून बाया बाहेर. कुणी हंडा सरळ करतंय, कुणी नळाला नळी लावतंय. मला हसूच आवरंना. अक्कानं काय केलं होतं बघा. सहा दिवस रिकाम्या राहिलेल्या पाईपात वारं भरतं. खालून पाणी रेटायला लागलं की ते वारं पुढं पळतं आणि शेवटच्या नळातून बाहेर पडतं. शेवटचा नळ अक्काचा. तो ती सकाळपासून उघडाच ठेवायची. वारं आलं की पिपाणी वाजायची आणि गल्लीला कळायचं, पाणी निघालंय, या. कुणी तिला सांगितलं नव्हतं, पैसे दिले नव्हते. तिला आपलं सुचलं, म्हणून केलं.

"आता हिकडं बघा," ती म्हणाली आणि मला हाताला धरून मीटरपाशी बसवलं.

चक्री फिरत होती. फिरत होती म्हणजे, भिंगरीच! आणि नळाखालची घागर ठणठणीत कोरडी. मी पिपाणीपुढं हात धरला. गार वारं, गंजाच्या वासाचं. हात कोरडा. काचेखालचे आकडे सरसर पुढं चालले होते.

"बघितलं न्हवं? पाण्याचा टिपूस न्हाई अन् हे गरगर फिरायलंय. मी मोजलंय अण्णा. पाच भाकरी भाजून होत्यात तवर वारं. मग सात भाकरी पाणी. मग गेलं."

पाच भाकरी वारं, सात भाकरी पाणी! तुम्हाला काय सांगू, त्या बाईकडं मी बघतच राहिलो. माझ्याकडं वही, तक्ता, दोन महिन्यांची वाचनं. आणि हिनं चुलीपुढं बसून, भाकरीनं वेळ मोजून, मला न सापडलेलं शोधून काढलं होतं. तिलाही कामूनचं भूत लागलेलं होतं. आम्ही दोघं त्या मीटरपुढं उकिडवे बसून लहान पोरांसारखे बघत होतो. वारं संपलं, पिपाणीतून गुळगुळ आवाज आला, तिनं ती चटकन काढली आणि पाणी पडलं. चक्री एकदम संथ झाली. पाण्यानं ती जेवढी फिरत होती, त्याच्या कितीतरी पट वाऱ्यानं फिरली होती.

"हे फलकावर लावलंय ते ह्याच आकड्यावरनं न्हवं?" तिनं विचारलं.

"तपासून सांगतो, अक्का," मी म्हणालो.

"तपासायचं काय त्यात? तुम्ही बघितलं, बास झालं."

मी तपासलं मात्र. खरंच तपासलं. ऑफिसच्या मागं सामानाची खोली आहे, तिथं कोरी मीटरं पडलेली. दार लोटलं, एक उचललं आणि तोंडाला लावून फुंकलं. चक्री फिरली. पुन्हा फुंकलं, पुन्हा फिरली. आठ-दहा वेळा तरी फुंकलं असंल. एकटाच हसत होतो. इतका आनंद मला बीदरच्या बैठकीतसुद्धा झाला नव्हता, देवाशपथ. कारण आता सगळं कळलं होतं! पेठेत वारं आधीच पुढं निघून जातं, म्हणून वाचन कमी. मधल्या आळीत थोडं अडकतं, म्हणून मध्यम. आणि वरच्या गल्लीत सगळ्या गावचं वारं. माझा तक्ता पाण्याचा नव्हताच. वाऱ्याचा होता.

आणि मग तोंडात मीटरच्या पितळेची चव असतानाच दुसरी गोष्ट कळली. शिळ्या पाण्याचं माझं दीड पान — ते सगळं खोटं होतं. ज्यांना सगळ्यात कमी पाणी मिळतं, त्यांनाच मी नासाडी करणारे ठरवलं होतं. वाऱ्याचे पैसे त्यांनी द्यायचे, आणि ते वारं गटारात गेलं म्हणून त्याचेही द्यायचे! तुम्हीच सांगा, वारं गटारात जातं का?

सुनावणीला दहा दिवस होते. पुष्कळ झाले की. इंजिनिअर साहेबांच्या केबिनपर्यंत बावीस पावलं, मी मोजलीत. एकदा दारापर्यंत गेलो तर ते फोनवर होते. दुसऱ्यांदा गेलो तर तेच म्हणाले, "काय, तुमच्या त्या शिळ्या पाण्याचं आता दुसऱ्या गावातही विचारायलेत," आणि हसले. मी पण हसलो. काय सांगणार होतो, की ते पान फाडा? की तुम्ही ज्याला पुढं घेऊन गेलात, त्यानं दोन महिने मीटर फिरताना एकदाही बघितलं नाही? दहाव्या दिवशी मी स्वतःला सांगितलं, आता सुनावणीतच बोलू. तिथं निघेलच विषय.

निघाला की.

पुरसभेचा हॉल. हरकती सात-आठच. वरच्या गल्लीतून एकटी तुळजाक्का. ठेवणीतलं इरकल नेसून, अर्ज कुणाकडून तरी लिहून घेऊन. मुलगा जीपवर गेला होता. ती उभी राहिली आणि सरळ सांगितलं — नळाला आधी वारं येतंय, मीटर वाऱ्यानं फिरतंय, पाच भाकरी वारं आणि सात भाकरी पाणी, आम्ही वाऱ्याचं कामून द्यायचं? पिपाणीचंही सांगितलं. हॉलमध्ये जो हशा उसळला! मागून कुणीतरी म्हणालं, भाकरीनं पाणी मोजणारी बघा. ती हसली नाही आणि चिडलीही नाही. हशा संपायची वाट बघत उभी राहिली, आणि मग माझ्याकडं बोट करून म्हणाली, "ह्या अण्णांनी बघितलंय. त्यांना विचारा."

सुनावणी घ्यायला बीदरचे वरचे साहेब आले होते. ते हसले नव्हते, हेही सांगतो. माणूस धारवाडकडचा, मराठी त्यांना येत नव्हतं. अक्काचं बोलणं मी कन्नडमधून सांगत होतो, ते ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला कन्नडमधून विचारलं, सरळ, खरंच जाणून घ्यायचं म्हणून — वाऱ्यानं मीटर फिरतं का?

मी म्हणालो, "इल्ला, सर."

इल्ला. नाही.

एवढंच. ऑफिसचं सगळं काम कन्नडमधून, त्या भाषेत मी दिवसभर हो-नाही करतो. जीभ आपोआप वळली. हेच मराठीतून विचारलं असतं तर वळली असती का? हा प्रश्न मी पुष्कळ दिवस उगाळला. बरं वाटायचं उगाळताना. पण सुरुवातीला मी तुम्हाला म्हणालो ना, की एकच शब्द बोललो आणि तोही कन्नडमधून? ते खरं नाही. पुढं आणखी बोललो. अक्काला कन्नड धड बोलता येत नाही, पण कळतं चांगलं. तिला माझं 'इल्ला' कळलं होतं. ती नुसती बघत राहिली. तिचं ते बघणं सहन होईना, म्हणून मी तिच्याकडं वळून, आपल्या मराठीतून, अगदी मायेनं म्हणालो, "अक्का, ते बारीक बारीक पाणीच येत असतंय आधी. तुम्हाला दिसत नसंल. वयानं होतं तसं."

मला वाटलं, ती आता भांडेल. अहो, गल्लीतल्या बायांच्या शिव्यांना भिऊन मी दोन महिने कोरडे दिवस शोधत होतो! भांडली असती तर कदाचित — नाही, ते राहू द्या. ती भांडली नाही. थोडा विचार केला तिनं. मग म्हणाली, "तुम्ही तपासलंय म्हणल्यावर असंल बाबा. डोळं म्हातारं झाल्यात." आणि बसली.

दर मंजूर झाले.

पुढच्या पाण्याच्या दिवशी पिपाणी वाजली नाही. मी खाली चौकात उभा होतो, तिथपर्यंत कधी कधी ऐकू यायची. मागून कळलं, अक्कानं पिपाणी काढून टाकली आणि नळाला गच्च बोळा बसवला. बायांना म्हणाली, "बारीक बारीक पाणी जात होतं म्हणं माझ्या नळातून. मला दिसंना. तुमचं पाणी नासलं गं मी एवढे दिवस." तिनं गल्लीची माफी मागितली! ज्या गल्लीला तिच्या पिपाणीनं पाणी मिळत होतं, तिची. आता तिथं बाया सकाळपासून नळापाशी बसून राहतात, नाहीतर कामाला गेलेलीचं पाणी चुकतं. मग सहा दिवस दुसऱ्याच्या दारात.

आणि बोळा बसवल्यावर काय झालं असंल? वारं जायचं थांबलं. अक्काचं वाचन धाडकन खाली आलं. इंजिनिअर साहेबांनी मला ते दाखवलं. म्हणाले, "बघा, बाई सुधारली. तुमचं बरोबर होतं." अक्कालाही तेच पटलं. नळ बंद ठेवला की बिल कमी येतं, म्हणजे आधी पाणी वाया जातच असणार! माझं खोटं तिनंच स्वतःच्या हातानं खरं करून दिलं. पुढं साऱ्या गावाला मीटरं बसली. वरच्या गल्लीतल्या बाकीच्या नळांना अजून वारं येतं, चक्र्या अजून फिरतात. कुणी बघत नसंल असं थोडंच आहे? पण बोलायचं कोणी? भर हॉलमध्ये अक्काचं काय झालं, ते सगळ्यांनी ऐकलंय.

यंदा दरांचा पुन्हा आढावा आहे. मागचा तक्ता पाया म्हणून धरायचा, अशी वरची सूचना. कागद माझ्याकडूनच जाणार. अजून गेला नाही, टेबलावर आहे.

मागच्या महिन्यात तुळजाक्का ऑफिसात आली. बिल भरायला आली होती, पण आधी माझ्या टेबलापाशी आली. हातात चार कडक भाकरी, फडक्यात बांधलेल्या. म्हणाली, सून कमलनगरला माहेरी चाललीय, केल्या होत्या जास्तीच्या, तुमच्यासाठी आणल्या. मी बसा म्हणालो. ती बसली नाही. उभ्या उभ्याच सांगायला लागली — मुलाच्या जीपमधून उदगीरला गेली होती, डोळं दाखवायला. ते हॉलमधलं तिच्या मनात राहिलं होतं. आपल्याला दिसत नाही तर इलाज करावा, उगीच आणखी कुणाचं नुकसान नको.

"डॉक्टरनं दोन्ही डोळं बघितलं अण्णा. बत्ती मारून बघितलं. म्हणला, आजी, नजर चांगली हाय तुमची, सुई ओवाल." ती हसली. मग कपाळाला आठी घालून, अगदी त्या दिवशी मीटरपुढं बसली होती तशी, मला विचारलं, "मग मला त्या दिवशी पाणी कामून दिसलं न्हाई?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी नीट बघितलं, नव्हता. तिला नुसतं जाणून घ्यायचं होतं.

मी म्हणालो, "बिल भरायची खिडकी पलीकडं आहे, अक्का. बारा वाजता बंद होते."

"व्हय व्हय," म्हणत ती गेली. भाकरी टेबलावर ठेवून.

मीटर वाऱ्यानं फिरतं. मी तोंडानं फुंकून बघितलं होतं, सुनावणीच्या दहा दिवस आधी. तुळजाक्काची नजर तेव्हाही चांगली होती.